थकले तेवढेच

आमच्या घरकर्जाचा हप्ता न्यायला वित्त कंपनीचा एक माणूस दर महिन्याला घरी येत असे. वर्धा शहराच्या कडेला, आंजीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचे घर आहे. खाली आम्ही दोघे राहतो. वर दोन खोल्या आहेत आणि त्या बांधण्यासाठीच हे कर्ज काढले होते. त्या खोल्यांत परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या चार मुली राहतात. त्यांचे आणि आसपासच्या विद्यार्थ्यांचे डबे माझी पत्नी करते. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमची मिळकत बेताची असली, तरी हप्ता जड नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले ते पैसे नव्हते म्हणून घडले नाही.

हप्ता नेणारा माणूस मोकळा आणि बोलका होता. फाटकाशी मोटारसायकल लावतानाच तो विचारायचा, “वहिनी, आज काय हाय?” वांग्याची भाजी असली की तो बसायचाच. जेवण झाल्यावर हात धुऊन, खिशातल्या छोट्या यंत्रातून पावती काढून देई. एकदा मी त्याला म्हणालो, की तुम्हाला एवढा हेलपाटा कशाला, मीच शाखेत जाऊन भरत जाईन. तो एकदम गंभीर झाला. “नाई सर, तसं नका करू. तुमी तिकडं भरलं त माह्या नावावर चढत नाई. मी येत जाईन न.” मी त्याला शब्द दिला. असे शब्द मी फार सहज देतो.

एका महिन्यात तो आला नाही. मी रक्कम काढून देवघराखालच्या खणात ठेवली होती. त्याचा फोन बंद होता. चार दिवसांनी पत्नी म्हणाली, “तुमीच नेऊन भरा न. रस्त्यातच त हाय शाखा.”

“त्याचे नुकसान होईल,” मी म्हणालो. “येईल तो.”

आमच्याकडे घरी येऊन जेवणाऱ्या माणसाला वगळून काही करणे हे त्याच्या पाठीमागे केल्यासारखे वाटते. दूधवाला दोन दिवस आला नाही तरी दुसऱ्याकडून दूध घेताना आम्ही पिशवी लपवून आणतो. मी स्वतःला हेच सांगत राहिलो, की मी सौजन्याने थांबलो आहे. पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरले. आहेराला आणि जाण्यायेण्याला पैसे लागले आणि खणातल्या रकमेतून मी काही उचलले. त्या महिन्यातही तो आला नाही, तेव्हा मला बरे वाटले. त्या बरे वाटण्यात सौजन्य मुळीच नव्हते, हे मला त्याच क्षणी कळले होते. पत्नीने विचारले, “हप्ता गेला न?” मी नुसता “हूं” केला आणि वर्तमानपत्र उचलले. ती डब्यांच्या घाईत होती. तिने ते पुरे मानले.

या काळात अनोळखी क्रमांकांवरून फोन येत होते. एकदा उचलला तर हिंदीत ध्वनिमुद्रित आवाज बोलू लागला. हल्ली फसवणुकीच्या इतक्या गोष्टी ऐकू येतात, की मी तो लगेच ठेवला आणि नंतरचे उचललेच नाहीत.

तिसरा हप्ता चुकला आणि लगोलग नोटीस आली. पोस्टमन मला फाटकातच भेटला. मी सही केली आणि तिथेच उभा राहून वाचले. माझ्याकडून वारंवार कसूर झाल्यामुळे कंपनी संपूर्ण कर्ज मागे घेत आहे. मुदतीची उरलेली सगळी वर्षे आता धरली जाणार नाहीत. व्याजासह संपूर्ण शिल्लक सात दिवसांत भरावी, अन्यथा घराचा ताबा घेण्याची कारवाई करण्यात येईल, असा तिचा आशय होता. पंधरा वर्षांची मुदत होती आणि त्यातली चारच सरली होती.

माझ्या जागी दुसरा कोणी असता, तर तो चिडला असता, घाबरला असता, कोणाला तरी विचारायला धावला असता. मी यातले काही केले नाही. मला ती मागणी रास्त वाटली. आपण शब्द मोडला, खोटे वागलो, आता हे भोगायचे, असे मनाने इतक्या झटकन स्वीकारले, की त्या स्वीकारण्यात एक प्रकारची शांतता होती. त्या शांततेचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. ती पश्चात्तापाची नव्हती. कोणाला काही सांगावे लागू नये म्हणून शिक्षाच पूर्ण भोगून मोकळे व्हायचे, अशी ती पळवाट होती.

आमच्याच गल्लीत जागांचे व्यवहार करणारा एक तरुण आहे. मी त्याला गाठले आणि घर विकायचे आहे, लवकर विकायचे आहे, असे सांगितले. त्याच्याकडे तळेगावचे एक जोडपे होते. तिकडे त्यांचा संत्र्यांचा बगीचा आहे, मुलांच्या शिक्षणासाठी त्यांना वर्ध्याला घर हवे होते. “इसार लगेच देतील, सर,” तो म्हणाला. संकष्टीला माझी पत्नी केळझरला गणपतीच्या दर्शनाला जाते. त्या दिवशी त्यांना आण, असे मी त्याला सांगितले. तिच्या दर्शनाच्या दिवशी तिच्या घराचा सौदा करायचा, असे मी ठरवले होते.

पण त्या जोडप्याला सावंगीच्या दवाखान्यात काही तपासणी होती आणि ते संकष्टीच्या आदल्या दिवशीच वर्ध्याला आले. एका खेपेत दोन कामे व्हावीत म्हणून दलाल त्यांना थेट घरी घेऊन आला. मी दुपारी जेवायला आलो, तेव्हा फाटकात अनोळखी चपला होत्या आणि स्वयंपाकघरातून आवाज येत होते.

“ही भिंत पाडली का हॉल मोठा होते,” एक बाई म्हणत होती.

“कोणची भिंत पाडता बाई?” पत्नीचा आवाज आला. “माह्या फोडणीची?”

“नाई ताई, म्हणजे आमी घेतल्यावर.”

“काय घेतल्यावर?”

दलाल मध्ये पडला. “काकू, सरांनी सांगतलं नाई का तुमाले?”

कढईत मोहरी तडतडत होती. तिने गॅस बंद केला, तेवढे मला ऐकू आले. मग मी दारात उभा राहिलो आणि ती माझ्याकडे वळली. हातात उलथणे होते.

“या,” ती म्हणाली. “पाव्हणे आले. आपलं घर पाहून राह्यले. तुमीच दाखवा, मले कुठं माईत हाय कोणची भिंत पाडाची त.”

तळेगावचे गृहस्थ भले होते. त्यांनी मोजपट्टी खिशात घातली. “ताई, आमाले खरंच माईत नव्हतं. आम्ही निंघतो.” तिने त्यांना जाऊ दिले नाही. तिने चौघांचा चहा टाकला, त्या बाईंना तपासणीत काय निघाले ते विचारले, आणि ते गेल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. मी पिशवीतून नोटीस काढून तिच्यापुढे ठेवली.

तिने ती सावकाश वाचली. मग पुन्हा वाचली.

“किती हप्ते थकले?”

“तीन.”

“मंग हे तीन हप्ते काऊन नाई मागत? अख्खं घर काऊन मागून राह्यले?”

“करारात तसे असेलच.”

“असंल म्हणजे? वाचला का तुमी तो करार?” मी नकारार्थी मान हलवली. “जलमभर पुस्तकांत बसले, अन् स्वतःच्या घराचा कागद नाई वाचला. वा रे वा!” ती खाली बसली. आवाज उतरला, पण त्यातली धार गेली नाही. “आयका. हप्ता चुकला, ते तुमचं. माह्यापासून लपवलं, तेही तुमचंच. पण घर दोघाचं हाय. तुमाले शिक्षा पायजे त तुमी घ्या. मले कायले देऊन राह्यले? त्या पोरींले कायले देऊन राह्यले?”

वरच्या मुलींची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. त्यांचा विचार मी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती केळझरला गेली नाही. कपाटातून कराराची फाइल काढून तिने ती डब्याच्या पिशवीत घातली आणि मला घेऊन कचेरीच्या रस्त्याला लागली. न्यायालयाच्या समोर एका वकील बाईंची खोली आहे. कायद्याचे शिक्षण घेत असताना त्यांनी आमच्याकडचा डबा खाल्ला होता आणि माझ्या ग्रंथालयात पुस्तके परत करायला हमखास उशीरही केला होता. त्यांना पाहून मला संकोच वाटला. पत्नीला काहीच वाटले नाही. तिने फाइल टेबलावर ठेवली. “पोरी, हे पाय. आमचे सर घर इकाले निंघाले.”

वकील बाईंनी आधी करार वाचला, मग नोटीस, मग पुन्हा करार. आम्ही भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत बसलो. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“सर, घाबरण्यासारखं काही नाही, असं मी म्हणणार नाही. हप्ते थकले, की उरलेलं सगळं कर्ज एकदम मागण्याचा हक्क कंपनीने करारात ठेवलेला आहे, आणि तुम्ही त्यावर सही केलेली आहे. पण हक्क असणं वेगळं आणि वाटेल तेव्हा वापरणं वेगळं. इथे पहा.” त्यांनी पान माझ्याकडे फिरवले. “आधी कंपनीने तुम्हाला लेखी कळवायचं की एवढे हप्ते थकले आहेत. ते भरायला तीस दिवस द्यायचे. त्या मुदतीत तुम्ही भरलं नाही, तरच पूर्ण कर्ज मागे घेता येईल. तशी पहिली नोटीस आली होती का?”

“फोन येत होते,” मी म्हणालो. “मी उचलले नाहीत.”

“ते तुमचं चुकलंच. पण फोन म्हणजे करारातली लेखी नोटीस नाही. आणि करारात हे कलम नसतं, तरी चाललं नसतं. पूर्ण कर्ज मागे घ्यायच्या आधी वाजवी मुदतीची सूचना द्यावीच लागते, तसे नियम आहेत त्यांच्यावर.”

“अन् घराचा ताबा?” पत्नीने विचारले.

“काकू, तो तर आणखी लांब आहे. हप्ता थकून तीन महिने उलटल्याशिवाय कर्ज बुडीत धरता येत नाही. तुमचा पहिला हप्ता थकून अजून तेवढे दिवस झालेले नाहीत. बुडीत धरल्यावर साठ दिवसांची वेगळी नोटीस. तिच्यावर तुम्ही हरकत घेतली, तर त्यांनी कारणं देऊन उत्तर द्यायचं. मग पुढचं. सात दिवसांत ताबा कुठल्याच कायद्यात बसत नाही.” मग त्या माझ्याकडे पाहून हसल्या. “सर, मी पुस्तक उशिरा आणलं की तुम्ही माझ्याकडून दंड घेत होतात. घरातली सगळी पुस्तकं आणून दे म्हणाला होतात का कधी?”

पत्नी हसली. मी हसू शकलो नाही, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी कराराचे ते पान वाचत असल्याचे दाखवत होतो. मग खरोखरच वाचू लागलो. चार वर्षे ते आमच्या कपाटात होते. रूक्ष भाषेत लिहिलेले कलम होते, पण त्यात माझ्यासारख्यासाठी जागा ठेवलेली होती. चूक झाली, तर ती आधी दाखवली जाईल आणि दुरुस्त करायला वेळ दिला जाईल. इतका समजूतदारपणा मी स्वतःशीही दाखवला नव्हता.

वकील बाईंनी एक ताकीदही दिली. “थकलेले हप्ते आजच भरायची तयारी ठेवा. कायदा तुम्हाला वेळ देतो, माफी देत नाही. पहिली नोटीस पाठवून तीस दिवसांनी ते पुन्हा हेच मागतील, आणि तेव्हा मी काही करू शकणार नाही.” त्यांनी कंपनीला द्यायचे उत्तर लिहून काढले. फी विचारली, तर म्हणाल्या, “ती घेईनच. पण आज डब्यात काय आहे ते आधी सांगा, काकू.”

घरी येऊन खणात साठलेली तिन्ही महिन्यांची रक्कम मोजली. भाचीच्या साक्षगंधात उचललेला भाग कमी होता. पत्नीने डब्यांच्या हिशेबातून तो भरून काढला आणि वहीत तशी नोंद केली. ती नोंद मला बोलण्यापेक्षा जड गेली.

शाखेत व्यवस्थापक पंचविशी ओलांडलेला, परगावचा, सभ्य मुलगा होता. वकील बाई आमच्याबरोबर आल्या होत्या. त्यांचे उत्तर वाचून तो म्हणाला, “मॅडम, ही नोटीस सिस्टिमने जनरेट केली आहे.”

“सिस्टिमने करार वाचला नाही वाटतं,” त्या म्हणाल्या.

“पॉलिसी तर वरून येते, मॅडम.”

“करार इथूनच झालाय ना? खाली सही तुमच्याच शाखेची आहे.”

तो उठून आत गेला आणि नागपूरच्या कार्यालयाशी बराच वेळ फोनवर बोलला. काचेपलीकडे तो मान हलवताना दिसत होता. मी त्या मान हलवण्याचा अर्थ लावत बसलो आणि दर वेळी तो माझ्याविरुद्धच लावत होतो. पत्नी मात्र शेजारी बसलेल्या बाईला लिंबाच्या लोणच्याची कृती सांगत होती. शेवटी तो बाहेर आला. तिन्ही हप्ते आणि उशिराबद्दलचा आकार भरून घेण्यास हरकत नाही, पूर्ण कर्ज मागे घेण्याची नोटीस कंपनी परत घेईल, आणि कर्ज ठरलेल्या मुदतीने पूर्ववत चालू राहील, असे त्याने सांगितले.

“लिहून द्या,” पत्नी म्हणाली.

“देतो काकू, देतो.”

आकार कशावर लावला, हे वकील बाईंनी तपासले. तो थकलेल्या हप्त्यांवरच होता, पूर्ण कर्जावर नव्हता. मी रक्कम भरली. पत्र छापले जात असताना मी त्या मुलाला विचारले, की आमच्याकडे वसुलीला येणारे गृहस्थ बरे आहेत ना, आजारी वगैरे नाहीत ना.

“ते?” तो म्हणाला. “त्यांनी तर केव्हाच सोडली नोकरी. आर्वीला दुचाकीच्या शोरूममध्ये आहेत ना आता. त्यांच्या जागी अजून कोणी आलं नाही.”

पत्नीने पदर तोंडाला लावला. हसू आवरेना, तेव्हा तिने तो काढूनच टाकला. “तुमी त्याच्यासाठी थांबून राह्यले, अन् तो तिकडं गाड्या इकून राह्यला!” शाखेतली माणसे वळून पाहू लागली. त्या दिवसापर्यंत कोणी माझ्यावर असे मोकळेपणाने हसले, तर ते मी मनात बरेच दिवस घेऊन बसत असे. त्या दिवशी मला ते हसणे थंड पाण्यासारखे वाटले.

पत्र हातात घेऊन बाहेर आलो, वकील बाई न्यायालयाकडे परतल्या. शेजारच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर मी बसलो. किती दिवस मी छातीत काहीतरी घट्ट धरून हिंडत होतो, ते सुटल्यावरच कळले. पत्नी उभीच होती. “बसा घडीभर,” ती म्हणाली. “मी लिंबं घेऊन येतो.” आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, येतो, जातो. ती बाजाराच्या गर्दीत गेली आणि मी पत्र पुन्हा वाचले.

चुकीबद्दल जेवढे देणे लागते तेवढेच द्यावे, हे मला पन्नाशी उलटल्यावर एका वित्त कंपनीच्या शाखेत शिकावे लागले. त्याहून अधिक देऊ करणारा माणूस स्वतःला नम्र समजतो. मीही समजत होतो. पण माझ्या त्या नम्रतेने एका बाईचे स्वयंपाकघर मोजपट्टीखाली आणले होते. हप्ते थकवले याची भरपाई झाली. तिला न विचारता घर विकायला काढले, याची भरपाई पत्राने होत नाही. ती मी करतो आहे. आता हप्ता तिच्या फोनवरून जातो आणि मी घरातले काही ठरवण्याआधी तिला सांगतो, ती “बरं बरं, समजलं” म्हणून कंटाळेपर्यंत सांगतो.

दलालाला मी त्याच संध्याकाळी भेटून नकार कळवला. तो थोडा नाराज झाला. तळेगावच्या गृहस्थांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, “बरं झालं गुरुजी. ताईंचा चहा घेतल्यापासून आमच्याही मनाला ते घर पटत नव्हतं.”

राहिल्या वरच्या मुली. त्या दुपारचे सगळे बोलणे जिन्यावरून त्यांच्यापर्यंत गेलेच होते. मी वर जाऊन दार वाजवले आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगितले, की घर विकायचे नाही, परीक्षा होईपर्यंत काय, त्यानंतरही खुशाल राहा. त्यांनी एकमेकींकडे पाहिले. दोघी तर दुसरी खोली पाहूनही आल्या होत्या.

“खरंच न काका?” त्यांतली धीट मुलगी म्हणाली. “जाचं नाई न आमाले?”

“नाही.”

“मंग त्या मोरीतल्या नळाचं तेवढं पाहजा न. काल रातपासून गळून राह्यला. आमी म्हटलं, आता जाचंच हाय त काकाले कायले सांगा.”

मी आत जाऊन नळ पाहिला. फिरकी कितीही आवळली तरी धार थांबत नव्हती, आतला वायसर झिजला होता. मी खालच्या बादलीतले पाणी रिकामे करून ती पुन्हा धारेखाली ठेवली आणि पाना आणायला खाली उतरलो.